न पोचलेल्या पत्रांचा हिशेब

डिसेंबर २००१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने मुदतीआधी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशाचा निकाल ईमेलने कळवला. त्यांपैकी अमेरिका ऑनलाइनची, म्हणजे एओएलची, खाती असलेल्या पाऊणशे ते शंभर जणांपर्यंत ती पत्रे गेलीच नाहीत. कंपनीच्या यंत्रणेने त्यांना स्पॅम ठरवून माघारी धाडले आणि नेमके कशामुळे, हे कंपनीलाही धड सांगता आले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणून हा किस्सा तेव्हा बराच चघळला गेला. त्यातला एक तपशील मात्र कोणाच्या नजरेत भरला नाही. पत्रे परत आली होती, म्हणूनच ती पोचली नाहीत हे विद्यापीठाला कळले. तीच पत्रे गुपचूप गडप झाली असती, तर काही मुलांनी आपण नापास झालो असे समजून दुसरीकडे नाव घातले असते आणि ही मुले का आली नाहीत याचे हार्वर्डला नवल वाटत राहिले असते. स्पॅमविरोधी चाळणीचा इतिहास सहसा अचूकतेच्या चढत्या आलेखासारखा सांगितला जातो: आधी भाबड्या काळ्या याद्या, मग गणित, मग शिकणारी यंत्रे, आणि दर टप्प्याला चुका कमी. हा आलेख खोटा नाही. पण त्याच्या सावलीत दुसरी एक गोष्ट घडत गेली. चुका जसजशा कमी झाल्या तसतशा त्या मुक्या होत गेल्या. ईमेलच्या ग्राहकाचे खरे नुकसान चुकांच्या संख्येपेक्षा या मुकेपणाने अधिक केले, असे माझे मत आहे.

हे समजून घ्यायला ईमेलचा मूळ करार पाहावा लागतो. तो नवा नव्हता, टपालखात्याकडून आलेला होता. घरमालक सापडला नाही किंवा त्याने पत्र घ्यायला नकार दिला, तर पोस्टमन तसा शेरा मारून पाकीट परत नेतो. पाठवणाऱ्याचा पत्ता वर लिहिलेला नसेल, तर ते रिटर्न्ड लेटर ऑफिसात जाते. डेड लेटर ऑफिस हे त्याचे जुने नाव. तिथल्या कारकुनाला ते उघडून आतला पत्ता शोधण्याचा अधिकार असतो. पत्र पोचेल, नाहीतर परत येईल; पोस्टमनने ते वाटेत कचऱ्यात टाकले तर तो गुन्हा. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या देवाणघेवाणीचे जे नियम लिहिले, त्या एसएमटीपीत हीच शिस्त उतरली. एका सर्व्हरने पत्र घेतो म्हटले की त्या क्षणापासून ते त्याच्या जबाबदारीवर. पुढे पोचवता आले नाही तर मूळ पाठवणाऱ्याला तसे कळवणे त्याच्यावर बंधनकारक. १९८९ च्या पुरवणी नियमांनी तर बजावले की मध्येच यंत्र बंद पडले, असल्या किरकोळ सबबीवर घेतलेले पत्र हरवता येणार नाही. एक गोष्ट मात्र टपालापेक्षा वेगळी होती, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज तिथेच आहे. पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानायचे, अशी या नियमांची रीत होती. जाळ्यावर मोजक्या विद्यापीठांची आणि प्रयोगशाळांची यंत्रे असताना यात भाबडेपणाही नव्हता, कारण सगळे एकमेकांना ओळखत होते. तरीही याच पोस्टेल यांनी १९७५ मध्येच एक छोटे टिपण लिहून ठेवले होते की नको असलेले निरोप एखादे यंत्र सतत पाठवू लागले, तर ते नाकारण्याची काहीच सोय आपल्याकडे नाही.

ती वेळ तीन वर्षांत आली. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण अर्पानेट या त्या काळच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० पत्त्यांवर एकदम धाडले. पत्ते इतके होते की शीर्षात मावेनात, ते सांडून मजकुरात उतरले. संरक्षण खात्याकडून कडक समज आली आणि प्रकरण तेवढ्यावर मिटले, कारण ओरडायला कोणीतरी होते आणि ऐकणाऱ्याला लाज होती. नव्वदच्या दशकात जाळे सर्वांसाठी खुले झाले तेव्हा या दोन्ही गोष्टी संपल्या. (स्पॅम या शब्दामागची डबाबंद मांसाची गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे ती चाळणीतच अडकलेली बरी.) १९९७ मध्ये पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळी यादी सुरू केली. स्पॅम पाठवणाऱ्या किंवा पाठवू देणाऱ्या यंत्रांचे आकडी पत्ते त्यात असत आणि यादी मानणारे सर्व्हर त्यांच्याशी बोलणेच थांबवत. त्यांच्या संस्थेचे नाव मॅप्स, म्हणजे इंग्रजीत स्पॅम उलटे लिहिले की होते ते. या याद्यांची मोठी खोड म्हणजे त्या माणूस पाहत नसत, गल्ली पाहत. एका होस्टिंग कंपनीने दोनचार उपद्रवी ग्राहक ठेवून घेतले की तिचा पट्टाच्या पट्टा बंद. मीडिया३ या कंपनीच्या बाबतीत असेच झाले आणि तिच्याकडे जागा घेतलेली, इंटरनेटवरील बंधनांविरुद्ध चळवळ करणारी पीसफायर ही संस्थाही नाहक त्यात सापडली. मीडिया३ न्यायालयात गेली. २००१ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने तिला मनाई हुकूम नाकारला. यादीवाल्यांचे म्हणणे होते की शेजाऱ्यांना झळ लागल्याशिवाय घरमालक गुंडाला हाकलणार नाही. म्हणजे निरपराधाचे नुकसान हे इथे अपघाताने होत नव्हते, ते हत्यार होते. हे तत्त्व मला मान्य नाही. पण त्याच याद्यांचा एक गुण मान्य करावा लागतो: त्या तोंडावर दार लावत. नकार देताना बहुतेक सर्व्हर यादीचे नाव सांगत, आणि अडकलेला माणूस जाऊन भांडू शके. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्ट नावाची यादी हल्ल्यांनी जेरीस येऊन बंद पडली आणि जाताजाता तिने सगळ्या जगालाच काळ्या यादीत घातले. तिच्यावर विसंबलेल्या सर्व्हरांनी येणारे प्रत्येक पत्र नाकारायला सुरुवात केली. इतकी ढोबळ चूक, पण तिचा गाजावाजा काही तासांत झाला आणि लोकांनी ती यादी काढून टाकली.

गल्लीवरून माणूस ओळखण्याऐवजी शितावरून भाताची परीक्षा करावी, हा विचार १९९८ मध्ये पुढे आला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील सुझन ड्युमे, डेव्हिड हेकरमन, एरिक हॉर्विट्झ आणि स्टॅनफर्डचे मेहरान सहामी यांनी एक निबंध मांडला. पत्रातले शब्द मोजायचे, आधी वर्गवारी केलेल्या पत्रांत ते शब्द कुठे किती वेळा आले ते पाहायचे, आणि बेझच्या सूत्राने हे पत्र रद्दी असण्याची शक्यता काढायची. ही शक्यता ९९.९ टक्क्यांच्या वर गेली तरच रद्दी म्हणायचे, हा त्यांचा निकष. का, तर चांगले पत्र रद्दीत जाणे हे रद्दी पत्र टेबलावर येण्यापेक्षा फार महाग आहे, हे त्यांनी गृहीतच धरले होते. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी हीच कल्पना सोप्या भाषेत आणि चालू शकणाऱ्या आज्ञावलीच्या अंगाने लिहिली, तेव्हा ती घरोघरी गेली. त्यांच्याही गणितात संशयाचा फायदा संन्याशाला होता. चांगल्या पत्रांत आढळलेल्या शब्दाची मोजणी ते दुप्पट धरत, कधीच न पाहिलेल्या शब्दाला किंचित निरपराध मानत. गंमत अशी की भडक लाल रंगाची सांकेतिक खूण त्यांच्या गणनेत अश्लील शब्दांइतकीच गुन्हेगार ठरली, आणि हे कोणत्याही माणसाने हाताने नियम लिहून सांगितले नसते. हजार स्पॅममागे पाचाहून कमी निसटतात आणि चांगले पत्र एकही अडकत नाही, असा त्यांच्या स्वतःच्या टपालाचा अनुभव होता. स्वतःच्या टपालाचा, हे इथे महत्त्वाचे. एका माणसाचे शब्द त्याच्या चाळणीला पाठ होतात. लाखो ग्राहकांसाठी एकच चाळणी लावली की कोणाचे तरी रोजचे शब्द इतरांच्या दृष्टीने संशयास्पद ठरतात. डॉक्टरच्या टपालात औषधांची नावे येणारच.

या दोन निबंधांच्या मधल्या काळात, २००० मध्ये, अथेन्सच्या डेमोक्रिटॉस संशोधन केंद्रातील इऑन आंद्रुत्सोपुलॉस आणि सहकाऱ्यांनी जे लिहिले ते माझ्या दृष्टीने या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या पत्रव्यवहारातील २४१२ खरी पत्रे आणि ४८१ स्पॅम घेऊन त्यांनी चाळणी तपासली. पण चाळणी किती चांगली, या प्रश्नाआधी त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला: अडकलेल्या पत्राचे तुम्ही पुढे काय करणार? ते परस्पर पुसून टाकणार असाल, तर एका चांगल्या पत्राचे अडकणे ९९९ स्पॅम निसटण्याइतके वाईट समजा. ते पाठवणाऱ्याला परत करून दुसऱ्या, खासगी पत्त्यावर पुन्हा पाठवा असे सांगणार असाल, तर ९ पट पुरे. नुसती खूण करून इनबॉक्समध्येच ठेवणार असाल, तर दोन्ही चुका सारख्याच. चांगले पत्र नाहक अडकणे, ज्याला आपण कोविडच्या चाचण्यांपासून फॉल्स पॉझिटिव्ह म्हणायला शिकलो आहोत, त्याची किंमत पत्रात नसते, चाळणीतही नसते. चुकीनंतर दुरुस्तीचा रस्ता उरतो की नाही, यात ती असते. पाठवणाऱ्याला कळवले तर शंभरपटीहून अधिक स्वस्तात निभावते. आणि त्यांचा निष्कर्ष असा की परस्पर पुसून टाकण्याच्या कामाला ही चाळणी, जोडीला आणखी काही संरक्षण असल्याशिवाय, लायक नाही. पुढच्या दहा वर्षांत उद्योगाने या हिशेबातला गणिताचा भाग उचलला आणि परत करण्याची वाट बंद केली.

ती का बंद झाली, याची कारणे लबाडीची नाहीत. पाठवणाऱ्याचे नाव खोटे लिहिता येत होते, म्हणून परत धाडलेले स्पॅम खऱ्या गुन्हेगाराकडे जात नसे. ज्याचे नाव चोरले त्या बापड्याच्या माथी पडे. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग.एफ या विषाणूने लाखो यंत्रांवरून दुसऱ्यांच्या नावाने पत्रे पाठवली आणि विषाणूविरोधी सर्व्हरांनी इमानेइतबारे तुमच्या पत्रात विषाणू आहे असे त्या निरपराधांना कळवले. शिष्टाचारच उपद्रव झाला. त्यात आकाराचा प्रश्न. २००८ च्या आसपास जगातल्या ईमेलचा फार मोठा भाग स्पॅमच होता. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातील मॅकोलो ही एकच होस्टिंग कंपनी जाळ्यापासून तोडली, तर जगभरातले स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आले. इतक्या रद्दीला परतीचे उत्तर देत बसणे कोणालाच परवडत नव्हते. म्हणून आधी स्पॅमची वेगळी पेटी आली, मग त्या पेटीतही न टाकता पत्र स्वीकारून पुसून टाकण्याची पद्धत आली. ऑक्टोबर २००८ मध्ये एसएमटीपीचे सुधारित नियम निघाले, तेव्हा त्यांनाही या वस्तुस्थितीपुढे मान तुकवावी लागली. पत्र गंभीर फसवणुकीचे आहे अशी पक्की खात्री असेल तरच ते गुपचूप टाकावे, अशी सवलत त्यांनी दिली, आणि असे केल्याने ईमेलवरचा भरवसा खचतो, असेही तिथेच नोंदवले. सवलत सगळ्यांनी घेतली. नोंद कोणी वाचली नाही.

मुकेपणाने काय फरक पडतो, याची दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. २००६ मध्ये एओएलने पैसे घेऊन पत्रांना चाळणीतून सवलत देण्याची योजना आणली. तिच्या विरोधकांनी डिअरएओएल नावाचे संकेतस्थळ काढले. एप्रिलमध्ये असे आढळले की त्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेली पत्रे एओएल परत पाठवत आहे. कंपनीने हा तांत्रिक दोष असल्याचे सांगितले, आणि तसा तो असेलही. महत्त्वाचे हे की पत्रे परत आल्याने दोष त्याच दिवशी चव्हाट्यावर आला आणि दूर झाला. आता दुसरे. २०१२-१३ च्या सुमारास ॲपलच्या आयक्लाउडवर विशिष्ट अश्लील शब्दसमूह असलेली पत्रे निमूट नाहीशी होत होती. ती पाठवणाऱ्याकडे परत येत नव्हती, घेणाऱ्याच्या स्पॅम पेटीतही नव्हती. एका पटकथेतल्या एका वाक्यात तो शब्दसमूह आला होता, म्हणून आख्खी पटकथा वाटेतच विरघळली. पत्रकारांनी मुद्दाम चाचणीची पत्रे पाठवून पाहिल्यावर हे उघडकीस आले. तोवर किती काळ आणि किती पत्रे, हे सांगायला कोणी साक्षीदारच नव्हता.

इथे सेवा देणाऱ्या कंपनीची बाजू रास्तपणे मांडायला हवी. तिचे म्हणणे असे की ग्राहकालाच हे हवे होते. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची अवस्था झाली होती. रोज सकाळी पन्नास जाहिराती निवडत बसण्यापेक्षा वर्षातून एखादे पत्र हुकले तरी चालेल, असे तो आपल्या वागण्यातून सांगत होता. स्पॅम कळवण्याचे बटण दिले तर तो ते आनंदाने दाबतो, इतके की स्वतः वर्गणी भरलेल्या पत्रिकेवरही दाबतो. विपुल वेद प्रकाश यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या रेझर या सामूहिक चाळणीला पुढे तक्रार करणाऱ्यांचीही पत मोजावी लागली ती यामुळेच: जो उगाच बोट दाखवतो त्याचे मत हलके. पण ग्राहकाच्या वागण्यातून त्याची पसंती वाचताना एक खोट राहते. इनबॉक्समध्ये आलेले स्पॅम त्याला दिसते, त्याचा राग येतो, तो तक्रार करतो. न आलेले पत्र त्याला दिसतच नाही. आले नाही हे ज्याला ठाऊक नाही तो तक्रार कशाची करणार? कंपनीच्या तक्रार विभागात एका चुकीचे पारडे रोज भरते आणि दुसरीचे रिकामे राहते. अशा तराजूवर तोल साधला तर तो एका बाजूला झुकणारच. दुसरे पारडे भरायला किती मोठी चूक लागते, हे व्हेरायझनने दाखवले. २००४ च्या डिसेंबरअखेरीस या कंपनीने स्पॅम रोखण्यासाठी युरोपातले पत्त्यांचे मोठमोठे पट्टे बंद केले. युरोपशी व्यवहार असलेल्या ग्राहकांचा संपर्कच तुटला, तेव्हा कुठे सामूहिक दावा उभा राहिला आणि २००६ मध्ये तडजोड झाली. सबंध खंड गायब झाला म्हणून लक्षात आले. एक मावशी गायब झाली असती तर मावशीनेच आता पत्र टाकणे सोडले, असे वाटले असते.

यावर आणखी एक उत्तर दिले जाते: चुका इतक्या थोड्या आहेत की ही चर्चाच जुनी झाली. जुलै २०१५ मध्ये गुगलने सांगितले की जीमेलच्या सरासरी इनबॉक्समध्ये स्पॅम ०.१ टक्क्याहून कमी असते आणि स्पॅमच्या पेटीत चुकून जाणारी हवीशी पत्रे ०.०५ टक्क्याहूनही कमी. आकडा खरोखर कौतुकास्पद आहे. पण दोन हजारांत एक, हा दर कमाल धरून त्या वर्षीच्या ९० कोटी जीमेल खात्यांना लावून पाहा. प्रत्येकाला दिवसाला एकच कामाचे पत्र येते असे मानले, तरी रोज साडेचार लाखांपर्यंत पत्रे चुकीच्या पेटीत जाऊ शकतात. त्याहून मोठी अडचण सरासरीचीच आहे. ही साडेचार लाख पत्रे सगळ्यांत सारखी वाटली जात नाहीत. मोठ्या बँकेचे पत्र सहसा अडकत नाही, कारण ती रोज लाखो पत्रे पाठवते आणि चाळणी तिला ओळखते. अडकतो तो नवखा, छोट्या सर्व्हरवरचा, अनोळखी भाषेत लिहिणारा. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये नवी चाळणी बसवली, तर ती लैंगिक गुन्ह्यांवरच्या विधेयकाविषयीची पत्रे अडवू लागली, हे हसून सोडून देण्यासारखे. पण तिने वेल्श भाषेतली पत्रेही अडवली, कारण ती भाषाच तिला कळत नव्हती. आपल्याच संसदेत आपल्याच देशाची एक भाषा संशयित! स्पॅमअसॅसिन या लोकप्रिय मोफत चाळणीत तर ग्राहकाने नको म्हटलेल्या भाषेला आणि अपरिचित लिपीसंचाला गुण लावण्याची सोयच होती. ती वापरणाऱ्याची मर्जी, हे खरे. पण परदेशातल्या एखाद्या व्यवस्थापकाने सगळ्या कार्यालयासाठी एकदा ती खूण केली, की घरून मराठीत आलेल्या पत्राने काय करावे? आणि याच चाळणीने १ जानेवारी २०१० रोजी दाखवून दिले की आंधळेपणाला भाषाही लागत नाही. फार पुढच्या काळातली तारीख टाकलेले पत्र संशयास्पद, असा तिचा एक जुना नियम होता, आणि फार पुढचा काळ म्हणजे २०१० पासून पुढे. नवे वर्ष उजाडताच जगातले प्रत्येक पत्र भविष्यातून आलेले ठरले आणि प्रत्येकाच्या खात्यावर दोन ते साडेतीन गुण चढले. पाच झाले की स्पॅम. आधीच एखाददुसरा गुण बाळगणाऱ्या साध्या पत्रांचा त्या दिवशी कडेलोट झाला.

पेटी उघडून पाहायला ग्राहकाला कोणी अडवले आहे, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण जीमेलची स्पॅम पेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. पॉप पद्धतीने पत्रे उतरवून घेणाऱ्याकडे ती पेटी येतच नाही. आणि फसवणुकीच्या पत्रांनी भरलेल्या पेटीत वरचेवर डोकावा असे सांगणे म्हणजे विहिरीत पडू नये म्हणून बांधलेल्या कठड्यावर चढून रोज पाणी पाहायला सांगणे. जी पत्रे पेटीपर्यंतही पोचली नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न वेगळाच. याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे: पाठवणाऱ्याला नकार कळवला तर स्पॅमवालाच त्यातून शिकतो आणि पुढच्या वेळी चाळणी चुकवतो. यात तथ्य आहे, पण थोडे. व्यवसाय म्हणून स्पॅम पाठवणारा प्रत्येक सेवेवर स्वतःची खाती उघडून आपले पत्र कुठे पडते ते आधीच पाहून घेतो. त्याला तुमच्या उत्तराची गरज नाही. उत्तराची गरज असलेला माणूस तोच, ज्याला चाळणी म्हणून काही असते हेच माहीत नाही. मौन पाळून चोरापासून जे लपवायचे, ते चोराला आधीच ठाऊक असते आणि संन्यासी तेवढा अंधारात राहतो.

आणि परत धाडण्याने निरपराधाच्या माथी रद्दी पडते, या खऱ्या अडचणीवर उपाय नियमांतच होता. पत्र घेऊन मग परत करू नका. दारातच, संभाषण चालू असताना, नाही म्हणा. मग कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते. तो खरा असेल तर आपल्या ग्राहकाला सांगतो, आणि चोराचा असेल तर कोणालाच सांगत नाही. २००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी मांडलेली ग्रेलिस्टिंगची युक्ती याच दारातली. अनोळखी पाहुण्याला नाही म्हणायचे नाही, जरा वेळाने या म्हणायचे. नियमाने चालणारा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो, घाईतला स्पॅमवाला पुढच्या दाराकडे वळतो. किंमत असते ती थोड्या उशिराची. दारातला नकारही चुकतोच, पण तो कसा चुकतो ते पाहण्यासारखे आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केले की आमच्या नावाने आलेले आणि आमच्या खुणेशी न जुळणारे पत्र सरळ नाकारा. हेतू खोट्या नावांना आळा घालण्याचा होता, पण गटांना सामूहिक पत्रे वाटणाऱ्या सर्व्हरांची वाटणीच अशी असते की मूळ खूण बिघडते. जगभरच्या गटांतली याहूच्या सभासदांची पत्रे नाकारली जाऊ लागली. गोंधळ प्रचंड झाला. पण तो पहिल्याच दिवसापासून सर्वांना दिसला, नकाराच्या चिठ्ठीत कारण लिहिलेले होते, आणि गट चालवणाऱ्यांनी काही महिन्यांत आपल्या आज्ञावल्या बदलल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना ज्या अटी घातल्या, ओळखीच्या खुणा हव्यात, तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत हवे, त्यांत मला आश्वासक वाटते ती ही गोष्ट की अटी आधी सांगितल्या आणि त्या न पाळणाऱ्याला कारणासह नकार मिळू लागला. छोट्या सर्व्हरवाल्यांना हे नियम जाचक वाटतात. जाच आहेच, पण निदान कशाचा ते कळते.

असाच प्रयोग भारताने ईमेलऐवजी मोबाइलवरच्या लघुसंदेशांवर केला, आणि तोही एका दिवसात. व्यापारी संदेशांचा सुळसुळाट रोखायला ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०१८ मध्ये नियम केले. संदेश पाठवणाऱ्या संस्थेने आपल्या मजकुराचा साचा आधी नोंदवायचा, आणि त्याच्याशी न जुळणारा संदेश दूरसंचार कंपन्यांनी गाळायचा. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी प्रत्यक्ष सुरू झाली आणि बँका, आधार, रेल्वे आरक्षण, नुकतीच सुरू झालेली कोविन लसनोंदणी, सगळ्यांचे ओटीपी अडकले. फॉल्स पॉझिटिव्हच्या इतिहासात इतकी बोलकी चूक क्वचित झाली असेल, कारण प्रत्येक अडकलेल्या संदेशामागे एक माणूस फोन हातात धरून, घड्याळाकडे पाहत उभा होता. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही व्यवस्था सात दिवसांसाठी थांबवली. महिना संपायच्या आत साचे न नोंदवणाऱ्या ४० संस्थांची नावे तिने जाहीर केली आणि त्यांत देशातल्या मोठमोठ्या बँका होत्या. बँकांनी साचे नोंदवले. चाळणी पुन्हा सुरू झाली, ती आजही चालू आहे, आणि ओटीपी येतात.